प्रमिलाकाकूंच्या सात गाड्या

जानेवारीतल्या सकाळी कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायला बाहेर पडलं, की शेजारच्या परसातून दटावण्याचा आवाज येतो. बाहेर पाणी ओतलं तर जमिनीवर पोचेपर्यंत त्याचा बर्फ व्हावा अशी थंडी असते. नाकातले केससुद्धा गोठलेले कळतात. अशा थंडीत सत्तरी ओलांडलेल्या एक बाई उपड्या बादलीवर बसलेल्या असतात आणि त्यांच्या मांडीवर एक कोंबडी असते. डाव्या हातानं तिला धरून, उजव्या हाताच्या बोटावर व्हॅसलीन घेऊन तुरा थंडीनं गोठू नये म्हणून त्या तो टोकाटोकाला चोळत असतात.

"मान सरळ ठेव. हलू नको. काल अर्धवट लावून पळालीस आणि वाऱ्यात जाऊन उभी राहिलीस. शोभतं का तुला?"

शाळेत जाणाऱ्या मुलीच्या डोक्याला तेल चोळताना आई बोलते, तोच सूर. कोंबडीही शाळकरी मुलीसारखी तोंड पाडून बसते. एकीचं झालं की दुसरी. एक जण रोज पळते. तिला शेवटी धरतात आणि तिला चार शब्द जास्त ऐकावे लागतात.

या आमच्या प्रमिलाकाकू चौगुले. मिशिगनमध्ये, नोव्हाय शहराच्या जरा पुढे एका लहानशा गावात आमची घरं शेजारी शेजारी आहेत. मी मूळचा नागपूरचा. मे महिन्यातल्या भर दुपारी डोक्याला रुमाल बांधून क्रिकेट खेळलेला माणूस. इथली थंडी मी आजतागायत मनाला लावून घेतो. काकूंना मात्र थंडीबद्दल कधी तक्रार करताना मी ऐकलेलं नाही. थंडी वाढली की त्यांचा चेहरा परीक्षेचा पेपर सोपा आल्यासारखा होतो.

त्याला कारण आहे. काकूंचं माहेर इचलकरंजी. वडिलांचा यंत्रमागाचे सुटे भाग बनवायचा छोटा कारखाना होता आणि काकू तिथल्या तेलकट पान्यांशी खेळत वाढल्या. लग्न होऊन इकडे आल्यावर त्या शिकल्या आणि एका मोटार कंपनीच्या थंड खोलीत नोकरीला लागल्या. थंड खोली म्हणजे आख्खी गाडी मावेल एवढा फ्रीजर. त्यात गाडी रात्रभर गोठवायची, सकाळी जाडजूड कोट चढवून आत शिरायचं, चावी फिरवायची आणि गाडी चालू होते का बघायचं. निवृत्त होईपर्यंत काकूंनी हेच केलं. याला त्या 'कोल्ड स्टार्ट' म्हणतात. जगातल्या यच्चयावत गोष्टींची, माणसं धरून, त्यांनी दोन गटांत वाटणी केलेली आहे, कोल्ड स्टार्ट घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या. मी दुसऱ्या गटात मोडतो, हे त्यांनी मला ओळख झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

कोंबड्यांचं सगळं याच भाषेत चालतं. सातजणींची नावं क्लच, गॅस्केट, बोनेट, डिकी, रेडिएटर, हॉर्न आणि स्टेपनी. स्टेपनी हे नाव, सहा पिल्लं विकत घेतल्यावर दुकानदारानं एक वर दिलं म्हणून. काकूंच्या पलीकडच्या बाजूला डेव्ह नावाचा एक म्हातारा अमेरिकन राहतो. क्लच आणि गॅस्केट त्याला कळतात. डिकी आणि स्टेपनी ही मात्र हिंदू देवींची नावं असावीत, असा त्याचा बरेच दिवस समज होता. स्टेपनीचं नाव तो अजूनही जरा आवाज खाली आणून घेतो.

सकाळी काकू खुराड्याचं दार उघडतात आणि एकेक कोंबडी फळीवरून खाली उतरली की म्हणतात, "चालू." दुसरी उतरली की पुन्हा, "चालू." सातव्यांदा म्हणून झालं की मगच घरात जाऊन चहा. संध्याकाळी मक्याचे दाणे टाकतात, त्याला 'टाकी फुल करणं' म्हणतात. पोटात मका असला की रात्रभर तो पचत राहतो आणि अंगात ऊब धरून ठेवतो. बसायला गोल दांडी न ठेवता चपटी, रुंद फळी ठेवलेली आहे, म्हणजे कोंबडी बसली की पायाची बोटं पोटाखाली झाकली जातात. हे मला काकूंनी स्वतः उकिडवं बसून, हाताची बोटं पोटाशी धरून दाखवलं होतं. मी बघतच राहिलो. मला या वयात मांडी घालून बसता येत नाही.

पण काकूंचा खरा अभिमान म्हणजे त्या खुराड्याच्या फटी. खुराडं त्यांनी स्वतः बांधलं आहे आणि त्याच्या छपराखाली दोन्ही बाजूंना लांबच लांब फटी ठेवल्या आहेत. जाळी लावलेल्या, पण उघड्या. भर बर्फातही उघड्या. आता आपल्या माणसांचं काय असतं, थंडी म्हटली की पहिलं काम फटी बुजवणं. कानात कापूस, डोक्याला कानटोपी, खिडकीला जुनी चादर, दाराखाली पायपुसणं. भारतातून कुणाचेही आईवडील आले की काकूंचं खुराडं बघायला नेतात, आणि प्रत्येक जण छपराकडे बघून हळहळतो. अहो, वारा लागेल त्यांना. एका आजींनी तर स्वतःची शाल काढून फटीत कोंबायला घेतली होती.

मग काकूंचं भाषण सुरू होतं. ते मला पाठ आहे. कोंबडीला देवानं पिसांची रजई दिलेली आहे, तिला तुमची शाल नको. पण सातजणी रात्रभर श्वास सोडतात, त्याची वाफ होते. ती वर जाऊन बाहेर पडली पाहिजे. फट बुजवली तर तीच वाफ तुऱ्यावर बसते आणि पहाटे गोठते. वारा डोक्यावरून गेला पाहिजे, अंगावरून नाही.

"थंडी मारत नाही, ओल मारते," काकू शेवटी म्हणतात. "एक्झॉस्ट बुजवून गाडी चालवून दाखव बघू मला."

त्या दिवशी आजींनी शाल परत खांद्यावर घेतली.

या विद्येची कीर्ती आमच्या गावात चांगलीच पसरली आहे. डेव्ह मिशिगनच्या पार उत्तरेकडचा, जन्मल्यापासून बर्फात वाढलेला. तोही पूर्वी कोंबड्या पाळायचा, आणि त्यांच्यासाठी खुराड्यात गरम दिवा लावायचा. एका हिवाळ्यात दिवा बंद पडला, आणि उबेची सवय लागलेल्या त्याच्या कोंबड्या सकाळपर्यंत राहिल्या नाहीत. काकूंनी त्याचं खुराडं मोडून नव्यानं बांधायला लावलं, पुढे उभं राहून. तेव्हापासून तो त्यांना 'बॉस' म्हणतो. त्यानंच गावच्या वाचनालयात काकूंचं भाषण ठरवलं. मोठमोठ्या टोप्या घातलेले शेतकरी पिकअप ट्रक घेऊन आले होते. काकू नारायणपेठी नेसून, खाली बर्फाचे बूट घालून उभ्या राहिल्या आणि इचलकरंजीची ही बाई मिशिगनच्या शेतकऱ्यांना थंडी कशी असते ते तासभर शिकवत होती. एक जण वहाणेएवढ्या तळहातावर टिपणं घेत होता. मी पहिल्या रांगेत होतो. शेजारच्या अनोळखी माणसाला मी दोनदा सांगितलं, की मी यांचा शेजारी आहे म्हणून. माझं त्यात कर्तृत्व काहीच नव्हतं, पण छाती माझी फुगली होती.

एकही कोंबडी आजवर थंडीनं गेलेली नाही, हे वाक्य काकूंच्या भाषणात किमान तीनदा येतं. पहिली हॉर्न ससाण्यानं उचलली. पण तो रस्त्यावरचा अपघात, टेस्टमध्ये धरायचा नाही.

हे सगळं सांगताना चौगुलेकाकांबद्दल सांगायचं राहिलं. काका शाळेत गणित शिकवायचे. स्वभावानं शांत, हळू आवाजाचे आणि थंडीला विलक्षण भिणारे. दसरा झाला की ते घरातल्या एकूण एक खिडक्यांना प्लॅस्टिक चिकटवायचे, आणि डोक्याला तपकिरी कानटोपी चढवायचे ती एप्रिलमध्ये काढायचे. थंड खोलीतून कामावरून आलेली बायको आणि कानटोपी घालून हीटरजवळ बसलेला नवरा, असा तो संसार होता. आणि चांगला होता. काका गेले त्याच्या पुढच्या वसंतात कोंबड्या आल्या. मी तेव्हा विचारलं होतं, काकू, हे मध्येच काय काढलंत? त्या म्हणाल्या, रिटायर झाले, आता टेस्टिंग कुणाचं करू? तुझं केलं असतं, पण तू चालू होत नाहीस.

ती तपकिरी कानटोपी अजून वापरात आहे. कडक थंडीत अंडं पडल्या पडल्या उचललं नाही तर गोठून तडकतं. म्हणून काकू दिवसातून कितीदा तरी खुराड्यात जातात, अंडी त्या कानटोपीत ठेवतात आणि कानटोपी कोटाच्या आत, पोटाशी धरून घरी आणतात.

आता समीरबद्दल. समीर हा काकूंचा एकुलता एक मुलगा. इथेच जन्मला, इथेच शिकला, आता ॲरिझोनात फिनिक्सला असतो. तिथे उन्हाळ्यात लोक दारं लावून घरात बसतात आणि हिवाळ्यात पोहतात. मागच्या वर्षी काकू परसात बर्फावरून घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. डेव्हला त्या दिसेपर्यंत बराच वेळ त्या तशाच पडून होत्या. वर हसून म्हणाल्या, अंडी फुटली नाहीत. समीरला हे कळलं आणि तेव्हापासून त्याचा एकच धोशा सुरू झाला, आई, इथलं घर विक आणि माझ्याकडे ये.

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला तो आला तेव्हा आम्हीही जेवायला होतो. मी आणि मृणाल, म्हणजे माझी बायको, आणि आमची ईशा. टेबलावरच विषय निघाला. समीर मराठी छान बोलतो, पण काळजी वाटली की इंग्रजीत शिरतो. "आई, आय ॲम सीरियस. तू एकटी आहेस. यू कान्ट डू धिस एव्हरी विंटर."

काकूंनी ताटातला घास संपवला आणि पैज लावली. हा हिवाळा मी न पडता काढला, आणि एकही कोंबडी थंडीनं गेली नाही, तर हा विषय कायमचा बंद. नाहीतर मार्चमध्ये सामान बांधते. समीरनं लगेच हात पुढे केला आणि दोघांनी कंपनीचा करार झाल्यासारखे हात मिळवले. कोंबड्यांना पैजेत घालायची काही गरज नव्हती, असं मी काकूंना नंतर म्हणालो. त्या म्हणाल्या, माझ्यापेक्षा त्यांचाच भरवसा जास्त आहे.

समीर मनानं फार चांगला मुलगा आहे. आईनं हरावं असं त्याला वाटत होतं, पण कोंबडी मरावी असं मुळीच वाटत नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी काकू वाणसामान आणायला गेलेल्या असताना त्यानं खुराड्याच्या सगळ्या फटी फोमनं बुजवल्या, कडेनं टेप लावला आणि आत एक छोटा हीटर बसवला. आईला सरप्राइज म्हणून. माझ्याकडून शिडी नेली होती. मलाही वाटलं, बरं झालं, आता ऊब राहील. शेवटी मीही आपल्याच माणसांतला.

काकूंनी दार लावताना अंधारात वर बघितलं नाही. सकाळी उघडलं तर हीटर रात्रीतच बंद पडलेला, आतल्या भिंतींना दव सुटलेलं, खिडकीला आतून बर्फाची नक्षी, आणि क्लचच्या तुऱ्याचं टोक पांढरं पडलेलं. ते पुढे काळं झालं. क्लच खाईना, फळीवर चढेना. काकूंनी फोम उपटून काढला, हीटर माझ्या गॅरेजमध्ये आणून टाकला, आणि कोरडा भुसा पसरून क्लचला कोपऱ्यात बसवलं. समीरला वाईट वाटलं, तो विमानतळावर जाईपर्यंत सॉरी म्हणत होता. काकू त्याला रागावल्या नाहीत. त्याच्या गालाला हात लावून एवढंच म्हणाल्या, की तू अगदी बाबांवर गेलास.

क्लच सावरली, पण पूर्वीसारखी धडधाकट झाली नाही. आणि जानेवारीच्या शेवटी ते बर्फाचं वादळ आलं.

त्या दिवशी आधी पाऊस पडत होता आणि पडता पडता गोठत होता. दुपारपर्यंत झाडाची प्रत्येक काडी काचेची झाली. मग फांद्या मोडायला लागल्या, तारा तुटल्या आणि आख्ख्या भागातली वीज गेली. इथे घर तापवायची भट्टी गॅसवर चालते, पण तिचा पंखा विजेवर. तासाभरात घरात आमच्या तोंडातून वाफा निघायला लागल्या. पाऊस थांबून आकाश मोकळं झालं, आणि खरी थंडी उतरायला लागली.

संध्याकाळ व्हायच्या आत डेव्ह दारात आला. म्हणाला, बॉसनं सगळ्यांना बोलावलंय. आमच्या गल्लीत लाकडाची शेगडी असलेलं घर एकट्या काकूंचं. आम्ही पांघरुणं गुंडाळून गेलो. कोपऱ्यावरच्या घरात पुण्याहून नवीन आलेलं एक तरुण जोडपं होतं, मुलीनं अंगावर घरातले सगळे स्वेटर चढवले होते आणि तरी ती रडकुंडीला आली होती. डेव्हनं शेगडीतली राख बादलीत भरून काकूंच्या दारापासून खुराड्यापर्यंत वाट पसरली, पाय घसरू नये म्हणून. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. पैजेची गोष्ट गल्लीत सगळ्यांना माहीत होती. कोंबड्यांचं पाण्याचं भांडं विजेवर गरम राहायचं, तेही बंद पडलं. म्हणून आम्ही पाळीपाळीनं शेगडीवरचं कोमट पाणी खुराड्यात नेऊन ठेवत होतो. काकूंना एकदाही एकटं बाहेर जाऊ दिलं नाही. संध्याकाळचं दार लावायला मात्र त्याच गेल्या. ते दार त्या कुणालाच लावू देत नाहीत. मनगट प्लॅस्टरमध्ये होतं तेव्हाही डाव्या हातानं कडी घालायच्या. मी मदतीला गेलो की म्हणायच्या, ही शिफ्ट माझी आहे.

परत आल्यावर त्यांनी आमच्याकडे लक्ष वळवलं. मी सवयीप्रमाणे दाराखाली टॉवेल कोंबत होतो. त्यांनी तो काढायला लावला आणि शेगडीच्या वरच्या बाजूची खिडकी बोटभर उघडली. पुण्याच्या मुलीनं दबक्या आवाजात मृणालला विचारलं, की ह्या असं का करतायत. ईशानं तिला शांतपणे सांगितलं, "इट्स द एक्झॉस्ट." मग शेगडीवर मोठ्या पातेल्यात मक्याचे दाणे आले. जिरं-मिरचीची फोडणी, वर दाण्याचं कूट. पोटभर खा, टाकी फुल करून झोपायचं, असा हुकूम होता. डेव्हनं तिसऱ्यांदा घेतलं. झोपतानासुद्धा जागा त्यांनीच ठरवल्या. ईशा आणि ती पुण्याची मुलगी मधोमध, त्यांच्या दोन्ही बाजूंना मृणाल आणि त्या मुलीचा नवरा, आणि मी नि डेव्ह दोन टोकांना. मोठ्या बॉडीच्या गाड्या कडेला, असं म्हणाल्या. पायाची बोटं पोटाशी घ्या, असंही म्हणाल्या. मी घेऊन बघितली. आली नाहीत.

सकाळी उजाडल्यावर आम्ही सगळेच बूट चढवून परसात गेलो. त्या हिवाळ्यातली ती सगळ्यात थंड सकाळ होती. काकूंनी कडी काढली, दार उघडलं आणि बाजूला झाल्या.

गॅस्केट आली. "चालू." बोनेट, हॉर्न. डिकीनं दारात थांबून आमच्या गर्दीकडे नापसंतीनं बघितलं. रेडिएटर. मग स्टेपनी, तेव्हा डेव्हनं टोपी काढली. काकू प्रत्येकीला "चालू" म्हणत होत्या, पण आवाज बारीक होत गेला होता. मग दारात कुणीच आलं नाही. मृणालनं माझा दंड घट्ट धरला. मला तेव्हा क्लचपेक्षा काकूंच्या घरावर लागणारी विक्रीची पाटीच डोळ्यांपुढे दिसत होती.

आतून खुडबुड ऐकू आली. काळ्या टोकाचा तुरा दारात आला. क्लच उंबऱ्यावर उभी राहिली, एक पाय उचलून बर्फाकडे बघितलं, आणि आपण काय उगीच लवकर उठलो असं वाटून परत आत गेली.

"चालू," काकू म्हणाल्या. डोळे पुसून त्यांनी आमच्याकडे बघितलं. "आणि तुम्ही? सगळे चालू?"

डेव्हनं माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की मी अजून बरा आहे म्हणायचं. मला त्या क्षणी काय वाटलं ते सरळ सांगतो. आपण या बाईच्या शेजारी राहतो, याचा इतका अभिमान मला माझ्या ग्रीन कार्डचाही वाटला नव्हता.

दुपारी वीज आली, आणि सगळे आपापल्या घरी गेले. संध्याकाळी ईशाची उशी राहिली म्हणून मी परत काकूंकडे गेलो. घरात त्या नव्हत्या. परसात बघितलं तर उपड्या बादलीवर बसून त्या कोंबड्या आत जायची वाट बघत होत्या. मीही जवळ जाऊन उभा राहिलो. काल घर माणसांनी भरलं होतं, आज मागच्या सगळ्या खिडक्या काळ्या होत्या.

मी काही विचारलं नव्हतं. त्या आपण होऊनच बोलायला लागल्या.

"हिवाळ्यात इथे पाचलाच अंधार पडतो की. हे होते तेव्हा त्याच वेळेला शाळेतून यायचे. बूट आपटायचे दारात. समीरचीही बसमधून उतरायची तीच वेळ. हे गेल्यावर तो पहिला हिवाळा मी कसा काढला माझं मला माहीत. पाच वाजायचे आणि कुणी यायचंच नाही." समोर गॅस्केट आत गेली, तिच्यामागे बोनेट. "कोंबडीला बोलवावं लागत नाही, नितीन. अंधार पडायला लागला की ती आपली आपण घरी येते. मला तेवढंच पाहिजे होतं. अंड्यांचं काय, दुकानात मिळतात."

इतकी वर्षं मी त्यांना टेस्टिंगबद्दल चिडवत होतो.

तेवढ्यात त्यांच्या कोटाच्या खिशात फोन वाजला. हातमोजे काढायला नकोत म्हणून त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि मी स्पीकर लावला. वीज गेल्याची बातमी समीरनं बघितली होती आणि आदल्या दिवसापासून त्याला फोन लागत नव्हता. तो भडाभडा बोलत सुटला. पैज गेली खड्ड्यात, मी तिकीट काढतो, दोघांचं परतीचं, यू आर कमिंग विथ मी. काकूंनी त्याला बोलू दिलं. सगळ्यात शेवटी क्लच तोऱ्यात आत गेली. काकू उठल्या, विजेरी घेऊन खुराड्यात डोकावल्या आणि एकेकीवर उजेड फिरवला. आतून झोपाळू कुरकुर ऐकू आली, ती समीरलाही ऐकू गेली असावी. तो बोलता बोलता थांबला.

"सगळ्या आल्या?" त्यानं विचारलं.

"आल्या," काकू म्हणाल्या. "तूच तेवढा बाहेर राहिलास."

काकूंनी दार लावलं, कडी घातली. मी फोन त्यांच्या हातात ठेवला आणि उशी न घेताच घरी आलो.

फेब्रुवारीत समीर आला. दोन मोठ्या बॅगा होत्या, त्यात त्याचाच कॉम्प्युटर आणि त्याचेच कपडे. थंडी संपेपर्यंत इथून काम करणार म्हणाला. काकूंचं तिकीट त्यानं काढलंच नव्हतं. पुढच्या हिवाळ्याचं काय ठरलं, असं मी विचारलं, तर म्हणाला, "काका, दर जानेवारीत मी इकडे येणार. ती हलणार नाही, आय नो." हे सांगताना त्याचा आवाज असा होता, की पैज त्यानंच जिंकली आहे असं वाटावं.

विमानतळावरून त्याला मीच आणलं होतं. घरी पोचलो तेव्हा नुकताच अंधार पडत होता आणि काकू परसात होत्या. समीर बॅगा गाडीतच टाकून, राखेनं काळ्या झालेल्या त्या वाटेवरून मागे गेला. मी कुंपणाशी थांबलो. काकूंनी त्याला येताना बघितलं, पण काम सोडलं नाही. आत विजेरी फिरवली, ओठ हलवत मोजलं, मग तो उजेड एकदा समीरच्या पायापासून डोक्यापर्यंत नेला. त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती. कोटाच्या आतून त्यांनी तपकिरी कानटोपी काढली, आतली दोन अंडी खिशात घातली आणि ती त्याच्या डोक्यावर ओढून बसवली.

"आले सगळे," त्या म्हणाल्या. "लाव आता दार."

समीरनं दार लावलं आणि कडी घातली. मग, कुणी सांगितलेलं नसताना, त्यानं हात वर करून छपराखालची फट चाचपली, उघडीच आहे ना, ते बघायला.